खालचा गिअर आधी, ॲक्सल नंतर

ट्रेलर ओढण्यासाठी डिझेल पिकअप घ्यायचं ठरलं की अमेरिकेतल्या मराठी मित्रमंडळींत पहिला वाद होतो तो ॲक्सलवरून. एक जण ३.७३ घे म्हणतो, दुसरा ४.१० शिवाय सहीच करू नको असं बजावतो, आणि डीलरच्या अंगणात नेमका ३.४२ वाला उभा असतो, वर घसघशीत सूटही असते. मग रात्री फोन येतो: ‘हा घेतला तर कोलोरॅडोच्या चढावर फजिती होईल का?’

बहुतेक वेळा हा प्रश्न ॲक्सलचा नसतोच. खालचा गिअर कधी पडतो, कधी आपण पाडायचा आणि कधी निमूटपणे पडू द्यायचा, याचा तो प्रश्न असतो. हे नीट समजलं नसेल तर ४.१० चा ट्रकही तापतो आणि ब्रेकही जाळतो. समजलं असेल तर ३.४२ पुष्कळांना पुरून उरतो. म्हणून खरेदीच्या आधी थोडं गणित करू, आणि मग घाटात उतरू.

ॲक्सल रेशो म्हणजे आपल्या गॅरेजांत ज्याला क्राउन-पिनियन म्हणतात त्याच्या दातांचा भागाकार. क्राउनला ४१ दात आणि पिनियनला ११ असतील तर ३.७३. पिनियनला १२ असतील तर ३.४२, १० असतील तर ४.१०. आकडा मोठा म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनकडून जास्त फेरे. ओढ जास्त, सपाटीवर आवाज आणि डिझेलचा खर्चही थोडा जास्त. इथवर सगळ्यांना माहीत असतं. घोटाळा होतो तो पुढे: मधल्या गिअरबॉक्सला लोक हिशेबातच धरत नाहीत.

एक सूत्र लिहून ठेवा. ताशी मैल गुणिले गिअरचा रेशो गुणिले ॲक्सलचा रेशो गुणिले ३३६, आणि या सगळ्याला टायरच्या इंचांतल्या व्यासाने भागा. उत्तर इंजिनचे आरपीएम. उदाहरणाला रॅमचा सहा गिअरचा ६८आरएफई ऑटोमॅटिक घेऊ, कारण सेकंडहँड बाजारात तोच जास्त दिसतो. त्याचा सहावा ०.६२५, पाचवा ०.८१६ आणि चौथा सरळ १. टायर ३३ इंची, वेग ताशी ६५ मैल. ३.४२ च्या ॲक्सलवर सहाव्यात १४१५ आरपीएम येतात, पाचव्यात १८४७, चौथ्यात २२६३. ३.७३ वर हेच आकडे १५४३, २०१४ आणि २४६९. ४.१० वर १६९६, २२१४ आणि २७१३.

आता चढ. ट्रक आणि ट्रेलर मिळून १८ हजार पाउंड धरा, म्हणजे आठ टनांच्या थोडं वर. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणाऱ्या आय-७० महामार्गावर सिल्व्हरथॉर्नकडून आयझेनहॉवर बोगद्याकडे येताना सुमारे सात टक्क्यांचा चढ आहे. हे वजन त्या चढावर ताशी ६५ मैलांनी नुसतं उचलायलाच साधारण २२० अश्वशक्ती लागते. हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण धरून वर आणखी शंभरएक. म्हणजे चाकांना ३२० च्या आसपास हवी. इंजिन ८५० पाउंड-फूट टॉर्कचं असेल तर १४१५ आरपीएमला त्याच्याकडून जास्तीत जास्त २३० अश्वशक्ती मिळेल. भागत नाही. १८४७ ला तीनशेच्या जरा अलीकडे. तरीही थोडं कमीच. २२६३ ला मात्र काम होतं. म्हणून ३.४२ चा ट्रक दोन गिअर खाली येऊन चौथ्यात स्थिरावतो. ४.१० चा ट्रक एकच गिअर खाली येतो, पाचव्यात, २२१४ आरपीएमला.

हे दोन आकडे पुन्हा बघा: २२६३ आणि २२१४. दोन्ही ट्रकांची इंजिनं जवळजवळ एकाच जागी येऊन थांबली. डॅशबोर्डवर एकाकडे ४ दिसतो, दुसऱ्याकडे ५. इंजिनला त्याचं सोयरसुतक नाही. अवघड चढावर इंजिनला जेवढे आरपीएम हवेत तेवढे ते गिअरबॉक्सकडून मागून घेतं. ४.१० ने चढाची ताकद वाढवली, हा समज या ठिकाणी गळून पडतो.

एक दुसरा समजही इथेच काढून टाकायला हवा. ‘डिझेलला टॉर्क खालीच मिळतो, मग रेस कशाला वाढवायची?’ असं म्हणत लोक ट्रकला वरच्याच गिअरात रेटतात. टॉर्क खाली मिळतो हे खरं आहे. सध्याच्या फोर्ड, जीएम आणि रॅमच्या डिझेल इंजिनांत त्याचा माथा १६०० ते १८०० आरपीएमला असतो. पण अश्वशक्तीचा माथा २६०० ते २८०० ला असतो, आणि वेगाने चढायला अश्वशक्ती लागते. २४०० आरपीएमला इंजिन ओरडतंय म्हणून घाबरू नका, त्या आवाजात त्याला पाणी, तेल आणि हवा भरपूर मिळत असते. घाबरायचं ते १३०० ला पाय पूर्ण दाबूनही गाडी घुसमटते तेव्हा. सिलिंडरमधला दाब आणि एक्झॉस्टचं तापमान त्या वेळी चढलेलं असतं, आवाज मात्र शांत असतो. त्या शांततेवर विसंबून बरेच जण फसतात.

मग ॲक्सलचा फरक पडतो तरी कुठे? पडतो, आणि जिथे पडतो तिथे चांगलाच पडतो. पहिली जागा म्हणजे जागेवरून निघताना. पहिल्या गिअरच्या खाली आणखी गिअर नसतो, त्यामुळे तिथे ॲक्सलची उसनवारी गिअरबॉक्स फेडू शकत नाही. ६८आरएफईचा पहिला ३.२३ आहे. ३.४२ शी गुणला तर ११, ४.१० शी गुणला तर १३.२. चढावर सिग्नलला थांबून पुन्हा निघताना हा फरक पायाला कळतो. दुसरी जागा रिव्हर्सची, तिथेही तसंच: एकच गिअर. कॅम्पग्राउंडमध्ये चढत्या, खडीच्या जागेत ट्रेलर मागे सरकवताना छोट्या आकड्याचा ॲक्सल ट्रान्समिशनचा टॉर्क कन्व्हर्टर तापवतो. अशा वेळी खालची खडी सैल असेल तर फोर-लो टाका आणि सावकाश सरकवा. कोरड्या डांबरावर मात्र फोर-लोमध्ये वळू नका.

आता गंमत बघा. फोर्डचा २०२० पासूनचा दहा गिअरचा ऑटोमॅटिक घेतला तर त्याचा पहिलाच ४.६ आहे. ३.३१ च्या, म्हणजे सगळ्यात ‘कमकुवत’ म्हणवल्या जाणाऱ्या ॲक्सलशी गुणला तरी १५ च्या वर जातो. सहा गिअरच्या रॅमचा ४.१० याच्या मागेच राहिला. जीएमनेही २०२० साली आपल्या ड्युरामॅक्स डिझेलला दहा गिअर दिले आणि त्याबरोबर ॲक्सल ३.७३ वरून ३.४२ वर आणला. २०२५ पासून रॅमच्या डिझेललाही आठ गिअर आले. म्हणजे तुमच्या मित्राने २०१० साली दिलेला सल्ला त्याच्या ट्रकपुरता बरोबर असेल, पण नव्या ट्रकला तो जसाच्या तसा लावायचं कारण नाही. जुना चार किंवा सहा गिअरचा ट्रक घेणार असाल तर मात्र ३.७३ शोधाच. त्या पेट्यांत दोन गिअरमधली दरी मोठी असते. सहाव्यात दम लागतो आणि पाचव्यात उगाच आरडाओरडा, असं दर दोन मिनिटांनी होत राहतं.

तिसरी जागा कागदावरची. रॅमसारख्या कंपन्या त्यांचं सगळ्यात मोठं ओढण्याचं वजन ४.१० च्या ॲक्सललाच देतात. फिफ्थ-व्हील ट्रेलर मोठा असेल तर हा कागद महत्त्वाचा. पण ट्रकवर किती वजन ठेवता येतं ते ॲक्सलच्या दातांनी वाढत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या कडेचा स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पाउंड ते छापलेलं असतं. डिझेल इंजिन स्वतःच जड असल्यामुळे २५०० वर्गाच्या ट्रकांत हा आकडा अनेकदा निराशा करतो. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार साध्या हिचवर येतो आणि तोही यातच धरायचा. चार माणसं, कुत्रा, कूलर आणि हिचचा भार मांडून बघा. ॲक्सलवरचा वाद तिथेच थंडावतो.

आणि चौथी जागा, जिथे लोक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात: मोठे टायर. ३३ च्या जागी ३७ इंची लावले की ३.४२ चा ॲक्सल ३.०५ सारखा वागतो. ताशी ६५ ला सहाव्यात १२६० आरपीएम. शिवाय स्पीडोमीटर चुकतो, आणि गिअर कधी बदलायचा हे ठरवणाऱ्या कॉम्प्युटरला गाडीचा खरा वेग कळेनासा होतो. गिअरबॉक्स सारखा वरखाली करू लागतो आणि मालक म्हणतो, ट्रान्समिशन गेलं. बऱ्याचदा ते गेलेलं नसतं. आधी टायरचा नवा व्यास कॉम्प्युटरमध्ये भरून घ्या. ३७ इंचीच ठेवायचे असतील आणि ओढायचंही असेल तर ४.१० करून घ्या; तेव्हा कुठे हाती ३.६६ उरतो. हा एकच प्रसंग आहे जिथे ‘ॲक्सल बदल’ असं मी न अडखळता सांगतो.

चढाची रीत सोपी आहे. ट्रेलर लावला की टो-हॉल मोड चालू, मग तो रिकामा असला तरी. या मोडमध्ये ट्रान्समिशन वरच्या गिअरात जायची घाई करत नाही, खालचा लवकर पाडतं आणि कन्व्हर्टर शक्यतो लॉक ठेवतं. शेवटची गोष्ट फार मोलाची. कन्व्हर्टर लॉक नसताना इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये फक्त ढवळलं जाणारं तेल असतं, आणि ढवळणं म्हणजे उष्णता. म्हणून ताशी ६० ने मोठा चढ चढताना तेल जितकं तापत नाही तितकं ताशी १५ ने वळणावळणाच्या कच्च्या रस्त्यावर तापतं. ट्रान्समिशनच्या तेलाचं तापमान डॅशवर आणून ठेवा. २०० अंश फॅरनहाइटच्या आत असेल तर निवांत चला. २२० च्या वर रेंगाळू लागलं तर गिअर आणखी एक खाली घ्या, वेग कमी करा, जागा मिळताच थांबा आणि न्यूट्रलमध्ये इंजिन थोडं रेसवर ठेवा, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहील.

गिअर पाचवा-सहावा-पाचवा असा झोके घेऊ लागला तर त्याच्याशी भांडू नका. स्टिअरिंगच्या खालच्या दांडीवर किंवा गिअरच्या मुठीवर उणे-अधिकचं बटण असतं. उणे दाबून सहावा बंद करा. ट्रक पाचव्याच्या वर जाणार नाही, खाली मात्र हवा तेव्हा उतरेल. चढ दिसला की तो सुरू व्हायच्या आधीच हे करा. वेग पडल्यावर खालचा गिअर मागणं म्हणजे गेलेला वेग महागात परत विकत घेणं.

ओढण्याचे आकडे ठरवणाऱ्या जे२८०७ या अमेरिकी मानकाची परीक्षा ॲरिझोनात बुलहेड सिटीहून वर जाणाऱ्या डेव्हिस डॅम चढाच्या हिशेबाने होते. अंतर ११.४ मैल, बाहेर किमान १०० अंश फॅरनहाइट, एसी पूर्ण चालू, आणि मागे एकच जोडी चाकं असलेल्या ट्रकने ताशी ४० मैलांच्या खाली यायचं नाही. ट्रक कोणत्या गिअरात चढला याला तिथे गुण नाहीत. तुम्हीही स्वतःला ते गुण देऊ नका. मागची वाहनं खोळंबतील म्हणून लाज वाटत असेल तर उजवी लेन धरा आणि धोक्याचे दिवे लावा, मोठे ट्रकवालेही तेच करतात.

खरी परीक्षा उताराची. चढावर चुकलात तर वेग जातो, उतारावर चुकलात तर ब्रेक.

तोच १८ हजार पाउंडांचा संसार सात टक्क्यांच्या उतारावरून ताशी ५० मैलांनी खाली येतोय. गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे १२५ किलोवॉट देत असतं. आपल्या न्हाणीघरातले दोन किलोवॉटचे साठ गिझर एकदम चालू केल्यावर जेवढी उष्णता होईल तेवढी. हवा आणि टायर त्यातला काही भाग खातात, उरलेली कुठेतरी जिरवायलाच हवी. बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्नपर्यंतची दहाएक मिनिटं ती ब्रेकच्या पॅडांत जिरवलीत तर आधी वास येतो, मग पेडल तळाला जाऊ लागतं. त्या उतारावर बेफाम सुटलेल्या ट्रकांसाठी खडीचे चढते रॅम्प बांधून ठेवलेत, ते शोभेला नाहीत.

पेट्रोल गाडीत पाय काढला की थ्रॉटल बंद होतो, इंजिन हवेसाठी धडपडतं आणि गाडी धरली जाते. डिझेलमध्ये तसा थ्रॉटल हवा अडवत नाही. पिस्टन हवा दाबतो आणि दाबलेली हवा पिस्टनला जवळजवळ तेवढंच परत ढकलते. त्यामुळे नुसतं डिझेल इंजिन उतारावर फार काही धरत नाही. हे ज्याला जिवावर बेतून कळलं तो माणूस म्हणजे खुद्द क्लेसी कमिन्स, कमिन्स कंपनीचा संस्थापक. १९३१ साली डिझेल ट्रकने न्यूयॉर्कहून लॉस एंजलिसला जाताना कॅलिफोर्नियाच्या कहोन खिंडीत त्याच्या ट्रकचे ब्रेक पुरे पडेनात, आणि खाली रेल्वे फाटकातून मालगाडी चाललेली. तिचा शेवटचा डबा गेला आणि मागून ट्रक निसटला. पुढे त्याने दाबलेली हवा ऐन वेळी सोडून देऊन इंजिनलाच ब्रेक बनवण्याची युक्ती काढली. १९६१ पासून ती जेकब्ज कंपनीने बाजारात आणली. मोठ्या ट्रकांचा तो फडफडाट, जेक ब्रेकचा, तो हाच. १९६२ साली किर्लोस्करांबरोबर पुण्यात निघालेली कमिन्स याच माणसाच्या नावाची.

पिकअपमध्ये जेक ब्रेक नसतो, एक्झॉस्ट ब्रेक असतो. टर्बोमध्येच धुराची वाट अडवली जाते आणि पिस्टनला त्या दाबाविरुद्ध काम करावं लागतं. रॅममध्ये २००७ च्या ६.७ लिटर कमिन्सपासून तो कंपनीतूनच येतो, जीएम आणि फोर्डनेही पुढे तो दिला. पण त्याचं सगळं बळ आरपीएमवर अवलंबून. १५०० ला तो नावापुरता, २५०० च्या पुढे मात्र ट्रेलरसकट ट्रक मागून कुणी धरल्यासारखा वाटतो. म्हणूनच उतारावर खालचा गिअर हवा. आपले एसटीचे जुने ड्रायव्हर सांगतात ना, ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर. हा नियम इथे शंभर टक्के लागू आहे, फार तर आणखी एक गिअर खाली धरा.

बोगद्यातून पश्चिमेकडे बाहेर पडताना तुमचे हात काय करतील ते सांगतो. बोगद्यातच वेग ५० च्या खाली आणा. टो-हॉल चालू आहे ना बघा. एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबा. रॅममध्ये पिवळा दिवा म्हणजे पूर्ण ताकद, हिरवा म्हणजे स्वयंचलित, जो फक्त तुमचा वेग राखायला बघतो. पहिल्यांदा जात असाल तर पिवळा. बाहेर उतार लागला की ब्रेक ठामपणे दाबून ४५ वर आणा आणि सोडा. ब्रेक दाबल्याचं बघून ट्रान्समिशन स्वतःच एक गिअर खाली जाईल, आरपीएमचा काटा २४०० च्या आसपास उडी घेईल. न उडाला तर उणेचं बटण दाबा. इंजिन ओरडू द्या, लाल रेषा अजून दूर आहे. वेग ५० कडे सरकला की पुन्हा तोच ठाम दाब, ४५ ला पुन्हा सोडायचं. ब्रेकवर सतत पाय टेकवून ठेवायचा नाही, पॅडांना मधेमधे श्वास मिळाला पाहिजे. अमेरिकेतल्या व्यावसायिक ड्रायव्हरांच्या परवान्याच्या पुस्तकातही हेच शिकवलेलं आहे: ठरवलेल्या वेगाच्या ताशी पाच मैल खाली आणा, सोडा. ट्रेलरच्या ब्रेकची ताकद निघण्याआधीच सपाटीवर लावून घ्या, उतारावर ते प्रयोग नकोत.

आता एक ताकीद, जी एरवी आवाजात हरवते. रस्त्यावर बर्फ किंवा बर्फाळ पाणी असेल तर एक्झॉस्ट ब्रेक बंद. तो फक्त मागच्या चाकांना धरतो; ती घसरली तर ट्रेलर पुढे येऊन ट्रकला कात्रीत पकडतो. ऑक्टोबर ते मे आय-७० वर ही ताकीद विसरू नका. अशा रस्त्यावर क्रूझ कंट्रोलही नको.

थांबताना, अगदी शेवटचा गिअर पडताना मागून ‘खट्ट’ आवाज येतो अशी तक्रार पुष्कळ येते. तो नेहमीच ट्रान्समिशनचा नसतो. युनिव्हर्सल जॉइंटमधली ढील, प्रोपेलर शाफ्टच्या सरकत्या टोकाचं सुकलेलं ग्रीस किंवा डिफरन्शियलमधली सैल मोकळीक, या तिन्ही गोष्टी आधी तपासून घ्या. पहिल्या दोन स्वस्तात निभावतात. बॅटरी काढली असेल किंवा तेल बदललं असेल तर गिअर काही दिवस जरा वेडेवाकडे पडतात, कॉम्प्युटर पुन्हा शिकत असतो. तेलात मात्र दुकानदाराच्या ‘चालतं हो’ला भुलू नका. फोर्डच्या दहा गिअरला मरकॉन यूएलव्ही, रॅमच्या ६८आरएफईला एटीएफ+४. एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

ॲक्सल बदलायचाच ठरला तर दोन गोष्टी आधी समजून घ्या. फोर-बाय-फोर असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही बदलावे लागतात, एक विसरलात तर फोर-व्हील टाकताच सगळी यंत्रणा आवळली जाईल. म्हणजे खर्च दुप्पट, आणि काम असं की पिनियनची खोली आणि दातांवरचा ठसा जमवणारा कारागीरच हवा. नवे दात बसले की पहिले पाचशे मैल ट्रेलर लावायचा नाही, पहिल्या फेऱ्या छोट्या आणि मधे गार होऊ द्यायचं, मग तेल बदलायचं. इतकं करूनही टायर मूळचेच असतील तर फायदा बहुतेकांना बटणावरच्या एका गिअरइतकाच मिळतो. ट्रकवर कोणता रेशो आहे ते कळत नसेल तर कंपनीच्या लेबलवरचा कोड बघा. जीएमच्या यादीत जीटी४ म्हणजे ३.७३, जीयू६ म्हणजे ३.४२. तेही सापडलं नाही तर सपाट रस्त्यावर सरळ गिअरात ६० चा वेग धरा, आरपीएम वाचा आणि वरचं सूत्र उलट करा.

भारतातल्या वाचकांसाठी थोडंसं. हायलक्सचा २.८ लिटर डिझेल आणि इसुझू व्ही-क्रॉस, दोन्ही सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये मिळतात. ॲक्सल निवडायची सोय नाही, त्यामुळे तो वाद तुम्हाला नाही. पण मोठे टायर लावण्याची हौस तीच आहे, आणि तिचा हिशेबही तोच. आंबोली किंवा ताम्हिणी उतरताना मॅन्युअलमध्ये घेऊन तिसरा धरा, ब्रेक मधेमधे ठाम दाबून सोडा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरवणारे अजून भेटतात. वाचत काहीच नाही, कारण गिअरात पाय काढला की आजची इंजिनं डिझेल तोडतात आणि न्यूट्रलमध्ये उलट चालू ठेवायला थोडं जळतंच.

नवा दहा किंवा आठ गिअरचा ट्रक आणि मूळचे टायर असतील तर डीलरकडे जो ॲक्सल उभा आहे तो घ्या. जुना सहा गिअरचा असेल तर ३.७३ साठी दोन आठवडे थांबा. ३७ इंची टायरांवर ओढायचं असेल तर ४.१०, आणि त्याचे पैसे टायरांबरोबरच बाजूला काढून ठेवा.